चिमणीच्या पेटीला पत्र्याचं छप्पर नको

पत्र (थोडक्यात):
“मी कराडजवळ राहते. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा हौसेनं परसात चार ‘बर्ड हाउस’ आणि एक दाणापात्र लावलं. घरं एका प्रदर्शनातून आणली होती. लाल-पिवळी, वर पत्र्याचं छप्पर, पुढं बसायला दांडी. तीन रिकामीच राहिली. जिन्यामागच्या भिंतीवरच्या घरात यंदा चिमणीचं जोडपं आलं, मी रोज बघत होते. एप्रिलच्या अखेरीला आवाज बंद झाला म्हणून उघडलं तर तीन पिलं मेलेली. दाणापात्रावर आता चिमणी फिरकत नाही, सकाळी तीस-चाळीस कबुतरं असतात. शेजारच्या काकूंना दमा आहे, त्यांनी बोलणं सोडलंय. मुलगा म्हणतो, सगळं काढून टाक. काढून टाकू का? आणि खरं सांगा, माझ्या हातून पाप झालं का?”

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देतो, कारण एप्रिलपासून तुम्ही ते मनात घेऊन बसला आहात.

जिन्यामागची ती भिंत पश्चिमेची आहे, असं तुम्ही पत्रात पुढं सांगितलंय. तिथं दुपारी दोनपासून मावळतीपर्यंत ऊन असतं आणि ऊन गेलं तरी भिंत रात्री आठ-नऊपर्यंत तापलेली राहते. वर पत्रा, हवा जायला भोकाशिवाय वाट नाही. मोठ्या चिमणीला असह्य झालं तर ती उडून झाडात जाते. अंगावर पिसं न फुटलेल्या पिलाला तसं करता येत नाही, आणि स्वतःच्या अंगाची उष्णता सांभाळणंही त्याला अजून जमत नसतं. एप्रिलच्या उन्हात त्या पेटीत काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल.

हे मी ठामपणे सांगतो, कारण मीही हेच केलंय. पंचवीसेक वर्षांपूर्वी तेलाचा रिकामा डबा आडवा करून, एका बाजूला भोक पाडून मी तो गच्चीच्या कठड्याला बांधला होता. चिमणी आली. घरात सगळ्यांना बोलावून दाखवली. वैशाखात एका दुपारी चिवचिव ऐकू येईना म्हणून डब्याला हात लावला, तर चटका बसून हात मागं आला. आत चार होती. त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणून ताई, पाप वगैरे म्हणू नका. चूक झाली, ती कशात होती हे आता ठाऊक आहे, आणि ती सुधारता येते. सगळं काढून टाकलंत तर ती तशीच मनात राहील.

काढायचं ते एवढंच: चारही रंगीत घरं आणि ते दाणापात्र. घरं आजच उतरवा. सध्या आत कुणी नाही ना, तेवढी खात्री करा. अंडी-पिलं असलेल्या घरट्याला हात लावायचा नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात अंडी-घरटी मोडणंही गुन्ह्यात धरलंय. कायदा नसता तरी तुम्ही लावला नसताच.

आता नव्या पेट्या. या बाजारातून आणू नका, सुताराकडून करून घ्या. तुमच्या गावात अजून हातानं रंधा मारणारा सुतार असेल, त्याला या मापांचा कागद द्या. फळी सहा सूत, म्हणजे पाऊण इंच जाडीची. यापेक्षा पातळ फळी उन्हात तापते आणि पावसात वाकते. लाकूड कुठलंही चालेल, आंबा, सिल्व्हर ओक, किंवा मशिनरीच्या पॅकिंगची खोकी मोडून येतात ते पाइन. प्लायवूड दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतं, एमडीएफ तर पहिल्याच पावसात फुगतं. तळ आतून पाच इंच बाय पाच इंच. पुढची बाजू नऊ इंच उंच, मागची दहा, म्हणजे छपराला आपोआप उतार येईल. छप्परही लाकडीच आणि पुढं दोन-अडीच इंच बाहेर आलेलं, म्हणजे पावसाचा झोत भोकात जाणार नाही.

भोकाच्या मापावर मात्र सुताराशी वाद घालावा लागला तरी घाला. सव्वा इंच. तळापासून सहा इंच उंचीवर. सुतार म्हणेल, एवढ्याशा भोकातून काय जाणार, दोन इंच करू. करू देऊ नका. सव्वा इंचातून चिमणी सरळ आत जाते, साळुंकीला जाता येत नाही. दोन इंच केलंत की साळुंकी ती पेटी बळकावते आणि चिमणीची अंडी असली तर बाहेर फेकते. साळुंकीचा मला राग नाही, तिलाही पोकळी हवीच असते. तिच्यासाठी वेगळी मोठी पेटी करता येईल. पण ही चिमणीची.

पुढची दांडी नको. चिमणी उभ्या फळीला नखांनी धरून लटकू शकते, तिला पायरीची गरज नाही. दांडीचा फायदा होतो तो कावळ्याला आणि खारीला. कावळा दांडीवर निवांत बसून आत चोच घालतो. खार तुम्हाला गोजिरवाणी वाटत असेल, मलाही वाटते, पण अंडी तिला आवडतात.

आतून रंग, पॉलिश, वॉर्निश काहीही नको, रंधाही नको. आतली बाजू खरखरीतच ठेवायला सांगा. चौदा-पंधरा दिवसांचं पिलू त्या खरखरीत फळीवर नखं रोवून भोकापर्यंत चढतं, गुळगुळीत फळीवरून घसरून परत तळात पडतं. बाहेरून हवं तर जवसाचं तेल द्या आणि दोन आठवडे वाळू द्या. तळाला चारही कोपऱ्यांत दोन सुताची भोकं, पाणी निथळायला. दोन्ही बाजूंच्या फळ्या छपराला भिडण्याआधी दोन सूत कमी ठेवा, त्या फटीतून गरम हवा निघून जाते. तुमच्या पेटीत हीच फट नव्हती. आणि एका बाजूची फळी बिजागरीवर उघडणारी, खाली हुक लावलेली. न उघडणारी पेटी साफ करता येत नाही, आणि साफ न केलेली पेटी दुसऱ्या वर्षी पिसवा-गोचिडांचं घर होते.

तीन पेट्या पुरेत. चिमणी गोतावळ्यात राहणारी आहे, एकाच भिंतीवर दोन-तीन हातांच्या अंतरानं लावल्यात तरी भांडत नाही. भिंत मात्र पूर्वेची किंवा उत्तरेची. तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला उघडते असं दिसतंय, तिच्या वरच्या छज्जाखाली सगळ्यांत उत्तम. सकाळचं कोवळं ऊन मिळेल, दुपारची सावली मिळेल, आणि आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो तोही पाठीला राहील. उंची आठ ते दहा फूट. जवळ मांजरीला उडी मारता येईल असं पाण्याचं पिंप, कठडा, एसीचा बाहेरचा डबा नको. झाडाला टांगून झुलणारी पेटी फोटोत छान दिसते, पण चिमणीला झुलणारं घर नको असतं. स्क्रूनं भिंतीला घट्ट.

कधी लावायच्या? पौषात, म्हणजे जानेवारी उजाडताना. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळला जातो, आणि त्या सुमाराला गावोगाव पेट्या वाटल्या जातात. काम चांगलं आहे, पण मार्चमध्ये लावलेली पेटी बहुतेक त्या मोसमाला रिकामी राहते, कारण जोडप्यांनी जागा आधीच हेरलेल्या असतात. नवी वस्तू त्यांना आठवडेच्या आठवडे लांबून बघायला हवी असते. रिकामी राहिली म्हणून जागा बदलू नका. एका जागी वर्षभर, वेळ पडली तर दोन वर्षं राहू द्या. तुमची तीन घरं तुम्ही तीनदा हलवलीत, असं पत्रात आहे.

आणि पेटीत बुलबुल, शिंजीर, शिंपी येतील म्हणून वाट बघू नका. बुलबुल मेंदीच्या कुंपणात वाटी विणतो, शिंजीर कोळ्याच्या जाळ्यानं फांदीला थैली बांधतो, शिंपी पानं शिवतो, होला चार काड्या टाकतो आणि त्यालाच घर म्हणतो. ढोलीत राहणारेच पेटीत येतात. चिमणीखेरीज तुमच्याकडे यायची शक्यता दयाळाची. तो काळा-पांढरा, शेपटी वर करून चैत्रात पहाटे गाणारा. त्याला हवी असेल तर चौथी पेटी करा, तळ सहा इंच, भोक दोन-सव्वादोन इंच, चिमण्यांपासून लांब, शांत कोपऱ्यात, सहा-सात फुटांवर.

आता कबुतरं.

आधी काकूंकडे जा. पेट्या, जाळ्या, काही सांगू नका, फक्त सांगा की आजपासून दाणे बंद केले. दमेकरी माणसाच्या दारात तीस-चाळीस कबुतरं म्हणजे गंमत नाही. त्यांची विष्ठा वाळून तिची धूळ होते, पिसांचा भुगा होतो, आणि रोज श्वासावाटे आत गेला की काहींच्या फुप्फुसांना कायमची सूज येते. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. २०२५ साली मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयात गेला तो याच कारणानं. काकूंची तक्रार रास्त आहे, त्यांना तसं सांगा. भिंतीवर, फरशीवर साचलेली घाण कोरडी झाडू नका. तोंडाला मास्क, हातात मोजे, आधी पाणी मारून भिजवायचं, मग खरवडायचं.

कबुतरं का जमली? तुम्ही उघड्या ताटलीत दिवसभर पुरतील एवढे गहू आणि मका ठेवत होतात. तो कबुतराचा खुराक आहे. चिमणीच्या चोचीला बाजरी, राळा, नाचणी, तांदळाची कणी सोपी जाते. ताटली सपाट, त्यामुळं कबुतराला ऐसपैस बसता येतं. संख्या वाढली की चिमणी मागं सरते.

तीन आठवडे एकही दाणा टाकू नका. पहिले पाच-सहा दिवस कबुतरं कठड्यावर बसून राहतील, तुमच्या पोटात कालवेल. त्यांना खायला दुसरीकडे मिळतं, उपाशी मरणार नाहीत. ती पांगली की मग पुन्हा सुरू करा, पण वेगळ्या रीतीनं. बाजरीची किंवा ज्वारीची कणसं सुतळीनं उलटी टांगा. चिमणी कणसाला लोंबकळून एकेक दाणा काढते, कबुतराला ते जमत नाही. कोकणात नवान्नाला दारावर भाताच्या लोंब्यांचं ‘नवं’ बांधतात, त्यावर चिमण्या कशा येतात ते कधी बघितलंय का? अगदी तसंच. आणि कणीच घालायची असेल तर दुकानातून दीड इंची चौकोनाची वेल्डमेश जाळी आणा, तिचा पिंजरा करा, आणि दाण्याची वाटी मधोमध, सगळीकडून कबुतराची चोच पोचणार नाही इतकी आत ठेवा. चिमणी चौकोनातून आत जाते. खारही जाईल, जाऊ द्या, तेवढं चालतं.

मूठभर दाणे, सकाळी एकदाच, तासाभरात संपतील इतके. उरले तर उद्या कमी. खाली सांडलेलं संध्याकाळच्या आत गोळा करा, नाहीतर उंदीर येतात, आणि उंदरामागं साप येतो. शिळा भात, पोळीचे तुकडे, शेव-फरसाण, ब्रेड नको. बुरशी आलेले शेंगदाणे तर अजिबात नकोत. पावसाळ्यात दाणे बंदच ठेवलेत तरी चालेल, तेव्हा गवताला बी धरतं आणि किडे मुबलक असतात.

खरं सांगायचं तर चिमणीचं तुमच्या दाण्यावाचून अडत नाही. २०२० साली देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून जो ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल निघाला, त्यात चिमणी पंचवीसेक वर्षांत एकूण देशात टिकून असल्याचं दिसलं. कमी झाली ती मुंबईसारख्या सहा मोठ्या शहरांत. मोबाइल टॉवरवर खापर फोडायची पद्धत पडलीय, पण तसा भक्कम पुरावा नाही. कौलं गेली, आढ्याच्या फटी गेल्या, भिंतीतले कोनाडे बुजले आणि अंगणं फरशीखाली गेली, हे मात्र आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या गावात चिमण्या आहेत. धान्याच्या दुकानांपुढं सकाळी नऊला उभ्या राहा.

म्हणून मला तुमच्या पत्रातलं एक वाक्य सगळ्यांत जास्त खटकलं. “परस स्वच्छ राहावा म्हणून पेव्हर ब्लॉक घातले आणि महिन्यातून एकदा माणूस येऊन औषध मारून जातो.” ताई, पिलाला पहिले दिवस दाणा चालत नाही. त्याला अळ्या लागतात, मावा लागतो, कोळी लागतात. जास्वंदीच्या कळ्यांवर मावा बसला की तुम्ही फवारता, आणि चिमणी तोच मावा वेचायला येत असते. एक जोडपं दिवसभर येरझाऱ्या घालतं तेव्हा पिलं वाढतात. पेटी कितीही मापात केली आणि परसात किडाच नसला, तर त्या पेटीत अंडी घालून तिनं करायचं काय? फवारणी बंद करा. मावा फार झाला तर पाण्याच्या झोतानं उडवा.

आणि भिंतीलगतचे ब्लॉक काढून चार फूट बाय तीन फुटांची माती मोकळी करा. तिथं गवत वाढलं तर वाढू द्या, त्याला तुरे येऊन बी पडू द्या. अर्ध्या भागात नुसती कोरडी भुसभुशीत माती ठेवा. हे मी हट्टानं सांगतोय. चिमणी मातीत न्हाते. आधी छातीनं दाबून वाटीएवढा खळगा करते, त्यात बसते, मग पंख आणि पाय असे काही झाडते की सगळी धूळ पिसांच्या मुळापर्यंत जाते, तेवढ्यात दुसरी येऊन शेजारी खळगा करते. दोन मिनिटांनी दोघी उठतात, अंग झटकतात, धुळीचा छोटा ढग राहतो. पिसांतले किडे-उवा घालवायचा तो तिचा उपाय आहे, आणि ब्लॉक घातलेल्या परसात तिला तो करता येत नाही. त्या मातीशेजारी एखादं दाट झुडूप हवं, मेंदी, तगर, नाहीतर बोगनवेल, म्हणजे शिक्रा, हा शिकारी पक्षी आला तर चिमणीला घुसायला जागा.

पाण्यासाठी मातीचं पसरट परळ, कडेला दीड-दोन इंचांहून खोल नाही, मधे एक खडबडीत दगड. रोज पाणी ओतून टाकायचं आणि परळ नारळाच्या शेंडीनं घासायचं, साबण नको. घासणं महत्त्वाचं आहे, कारण डेंग्यूचा डास अंडी पाण्याच्या काठाशी भांड्याला चिकटवतो, ती वाळली तरी बरेच महिने जिवंत राहतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. फाल्गुन ते ज्येष्ठ हे पाणी दाण्यापेक्षा मोलाचं.

घरट्याचं सामान म्हणून लोक कापूस, लोकरीचे धागे, केस टांगतात. तुम्ही टांगू नका. मी एका पिलाच्या पायातून शिवणाचा दोरा कापून काढलाय. घोट्याभोवती सात-आठ वेढे, बोटं काळी पडलेली, आणि दुसरं टोक घरट्यात विणलेलं. भावंडं उडून गेली होती, हे एकटं बांधलेलं. वाळलं गवत आणि नारळाच्या काथ्याचे बोटभर तुकडे पुरतात.

जोडपं आलं की पेटी उघडायची नाही. अंडी साधारण बारा-तेरा दिवसांत फुटतात, पुढं दोन आठवड्यांत पिलं बाहेर पडतात. बाहेर पडलेलं, पिसं आलेलं पिलू जमिनीवर दिसलं तर उचलून खोक्यात घालू नका, आई-बाप जवळच असतात, फक्त झुडपात उचलून ठेवा आणि मांजर आवरा. उघडं-नागडं पिलू पडलेलं असेल तर मात्र परत पेटीत ठेवा, माणसाचा हात लागला म्हणून आई सोडून देते हा गैरसमज आहे. चोचीत पाणी सोडू नका, ठसका लागून मरतं.

पिलं गेली की आठवडा-दहा दिवस थांबा. मग तोंड बांधून, मोजे घालून बाजूची फळी उघडा, जुनं घरटं सगळं काढून लांब टाका, उकळतं पाणी ओता, पेटी दिवसभर उन्हात उघडी ठेवा आणि परत त्याच जागी लावा. एकाच वर्षात ते जोडपं पुन्हा अंडी घालेल, कदाचित दोनदा. मृगापूर्वी एकदा स्क्रू, बिजागरी, छपराची फट बघून घ्या. दिवाळीनंतर पुन्हा एकदा.

मुलाला सांगा की दाणापात्र काढलं. तो खूश होईल. पेट्यांचं जानेवारीत सुट्टीला आला की सांगा, आठ फुटांवर स्क्रू मारायला शिडी धरणारा लागेलच.

आणि एक. पेट्या लावल्यावर काही दिवसांनी चिमणा एकटाच येईल. भोकापाशी लटकून डोकं आत घालेल, बाहेर काढेल, छपरावर बसून चिवचिवत राहील. बहुतेक तोच जागा धरतो आणि मग तिला बोलावतो. तुमची कपड्यांची दोरी सध्या स्वयंपाकघराच्या त्याच खिडकीपासून बांधलेली आहे. तेवढे दिवस ती पलीकडच्या खांबाला बांधा.